पाच मिनिटं बारा सेकंद

ताईला फसवणं सोपं नाही असं तिच्या कारखान्यात सगळे म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं म्हणायचे नाहीत. कापडाच्या कारखान्यात ती तपासनीस होती. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि ताई त्यात तुटलेला धागा, चुकलेली वीण, कुणी गुपचूप मारलेली गाठ शोधायची. चौतीस वर्षं तिला दोष शोधायचा पगार मिळत होता. अशा माणसाला घरी आल्यावर जग निर्दोष दिसावं ही अपेक्षाच चूक. शेजारीण असो, विजेचं मीटर बघायला येणारा असो, ताई प्रत्येकाला एकदा दिव्यावर धरून बघायची. आणि सगळ्यांत जास्त वेळ धरायची ती धाकट्याला.

धाकटा म्हणजे तिचा सात वर्षांनी लहान भाऊ. बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आता तो चालवत होता. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि दुकानाला पन्नास वर्षं पुरी होत होती. त्या निमित्तानं नातेवाईक आणि जुनी गिऱ्हाइकं दुकानात जमणार होती. जाण्याच्या महिनाभर आधी बाबा एकदा कॅमेऱ्यासमोर बसून दुकानातल्या घड्याळांबद्दल बोलले होते आणि धाकट्यानं ते आपल्या हँडीकॅमवर टिपून ठेवलं होतं. त्याची नीटस फिल्म करायची, आधी नाव, मागे हलकं संगीत, आणि ती त्या दिवशी सगळ्यांना दाखवायची असं ठरलं. काम ताईकडे आलं, कारण नव्या कामगारांना शिकवण्यासाठी तिनं कारखान्यात दोन-चार लहान फिल्म जोडल्या होत्या, आणि तिच्याकडे एडिटिंगचं सॉफ्टवेअर असलेला संगणक होता. तो परदेशात राहणाऱ्या मावसभावाचा. त्यानं स्वतःला नवा घेतला आणि जुना ताईला देऊन दानशूर झाला.

शुक्रवारी संध्याकाळी धाकटा पाकीट देऊन गेला. आत पेन ड्राइव्ह, आणि पाकिटावर त्याच्या रेखीव अक्षरात लिहिलेलं: बाबा, एकूण ३१ मिनिटं १२ सेकंद. या घरात वेळ कधी अंदाजानं सांगत नसत. पाच मिनिटांत येतो असं कुणी म्हणालं की बाबा विचारायचे, पाच म्हणजे किती.

ताईनं चहा टाकते म्हटलं तर धाकटा नको म्हणाला. तू सगळं बघितलंस का, तिनं विचारलं. बघितलं, तो म्हणाला. काय काय बोललेत? घड्याळांबद्दल, तूच बघ की, असं म्हणून तो आपल्या बुटांकडे बघत राहिला आणि दारातूनच परत गेला. चहाला कधीही नाही न म्हणणारा माणूस नाही म्हणाला, याची ताईनं मनात नोंद केली. बुटांचीही केली.

तिला त्या फिल्ममध्ये काय हवं होतं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. ताई बाराव्या वर्षापासून बाबांच्या दुकानात बसत होती. एका भिंतीशी बाबांचं टेबल, खिडकीशी तिचं. एकोणीस वर्षांची असताना तिनं दुकानातलं ते माणसाएवढं उभं घड्याळ, जे बाबांनीही सोडून दिलं होतं, ते अकरा दिवस खपून चालू केलं. तेव्हापासून ते चालूच होतं. मग ती बावीस वर्षांची झाली, धाकटा पंधराचा झाला, आणि एका सकाळी ती दुकानात गेली तर तिच्या स्टुलावर धाकटा बसलेला. आता हा शिकेल, बाबा म्हणाले. एवढंच म्हणाले. भांडण नाही, कारण नाही. पुढच्या महिन्यात ताई कारखान्यात लागली. त्यानंतर बाबांशी ती हवापाण्याचं बोलली, औषधांचं बोलली, शेवटी त्यांचे पायही दाबले, पण त्या स्टुलाबद्दल दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही. माणूस कॅमेऱ्यासमोर अर्धा तास दुकानाबद्दल बोलतो म्हटल्यावर त्यात आपलं नाव येईल, एकदा तरी येईल, अशी ताईला आशा होती. नुसती आशा नव्हे, भूक होती.

शनिवारी सुट्टी. सकाळी आवरून ती संगणकासमोर बसली. पेन ड्राइव्ह उघडला आणि पहिल्याच फटक्यात तिच्या मनात पाल चुकचुकली. फाईल एक नव्हती, तीन होत्या. दोन लांबलचक आणि तिसरी शेपटाएवढी. धाकटा तर म्हणाला होता, बाबा एका दमात बोलले. एका दमाचे तीन तुकडे कुणी केले? शिवाय तिन्ही फाईलींवर तयार झाल्याची तारीख होती मागच्या मंगळवारची. बाबा जाऊन वर्ष होत आलं, आणि त्यांचं बोलणं मंगळवारी तयार झालं.

सॉफ्टवेअरनं तर त्या फाईलींना दारातच उभं केलं. ही फाईल ओळखता येत नाही, असं म्हणून ते मोकळं झालं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तर दोन मिनिटं विचार करून बंदच पडलं. मावसभावाला फोन करून विचारावं तर तिकडे सगळे झोपलेले. मग ताईनं कारखान्यातल्या एकानं मागे सांगितलेला एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवून घेतला. तो म्हणे कुठलीही फाईल कुठल्याही रूपात बदलून देतो. त्याच्या पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत काहीतरी आकडा आधीच भरलेला. जगातली नव्वद टक्के माणसं अशा वेळी जे करतात तेच ताईनं केलं. एकाही चौकटीला हात न लावता खालचं बटण दाबलं.

दोन तास तो कन्व्हर्टर घरघरत होता. तिन्ही फाईली बदलून झाल्या. सॉफ्टवेअरनं त्या निमूट आत घेतल्या, ताईनं एकीपुढे एक ठेवल्या, आणि खाली कोपऱ्यात एकूण वेळ उमटली. सव्वीस मिनिटं.

तिनं पाकीट उचलून पुन्हा वाचलं. एकतीस मिनिटं, बारा सेकंद. मग पडद्यावर पुन्हा बघितलं. सव्वीस. वजाबाकी काही अवघड नव्हती. पाच मिनिटं बारा सेकंद कुणीतरी खाल्ली होती.

आता ताईनं फिल्म बघायला सुरुवात केली, पण मुलगी म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून. बाबा खुर्चीत बसलेले, मागे दुरुस्तीला आलेली बंद घड्याळं, आणि उजव्या खांद्यामागे ते उभं घड्याळ. त्याचा नुसता लंबक दिसत होता. तबकडी चौकटीच्या वर राहून गेलेली. घड्याळजीचा मुलगा फिल्म काढतो आणि नेमकं चालू घड्याळाचं तोंड बाहेर ठेवतो, म्हणजे बोलायला किती वाजता सुरुवात झाली आणि किती वाजता संपलं ते कुणाला कळायलाच नको. वा रे पठ्ठ्या, ताई मनात म्हणाली.

आणि बाबांचा आवाज. तो बाबांचा होता आणि नव्हताही. पातळ, चिरका, घाईघाईचा. जो माणूस आयुष्यात कधी घाईनं बोलला नाही, एक वाक्य संपवून दुसरं सुरू करण्याआधी चष्मा पुसायचा, तो इथे शब्दांवर शब्द टाकत चालला होता. हातही कसे, भराभर हलत होते. ताईनं लगेच ताडलं की कॅमेऱ्यामागे कुणीतरी उभं राहून त्यांना घाई करत होतं. आटपा बाबा, एवढं पुरे बाबा. आजारी माणसाला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्यामागून राग आला.

मग तिला रेषा दिसल्या. बाबांनी हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या बारीक आडव्या रेषा उमटत होत्या. स्थिर असताना नाही, हललं की उमटायच्या. कापड फाडून पुन्हा जोडलं की जोडाशी धागे असेच दातरतात, हे ताईपेक्षा चांगलं कुणाला माहीत? तिनं वही काढली आणि रेषा कुठे कुठे दिसतात ते लिहायला घेतलं. पहिल्या चार मिनिटांतच पान भरलं. एवढ्या ठिकाणी कुणी कापत नसतं, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण संशयाला एकदा पाय फुटले की तो पुराव्याची वाट बघत थांबत नाही.

आणि मग साडेबाराव्या मिनिटाला, पहिली फाईल संपून दुसरी सुरू होते तिथे, तिला हवी ती जागा सापडली. बाबा मागे वळून उभ्या घड्याळाकडे बोट दाखवतात. म्हणतात, "आणि हे. हे एकदा पार बंद पडलं होतं," आणि इथे चित्राला उचकी लागते, आवाज तुटतो, आणि बाबा एकदम, "म्हणून सांगतो, तेल थोडंच घालायचं," असं म्हणून पुढच्या घड्याळाकडे वळतात.

ताईनं ती जागा नऊ वेळा मागेपुढे करून बघितली. पार बंद पडलं होतं. मग पुढे काय? कुणी दुरुस्त केलं? अकरा दिवस कोण बसलं होतं? बाबा ते बोलले होते. बोलल्याशिवाय राहतील कसे? बोलले, आणि ते बोलणं पाच मिनिटं बारा सेकंद चाललं, आणि तेवढंच कुणीतरी कातरीनं काढून घेतलं. कुणाला ते नको असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी बारा वाजता तिनं धाकट्याला फोन लावला. दुकानात गर्दी होती, तो नंतर करतो म्हणाला. ताई म्हणाली, आत्ताच. मग तिनं आधी साधंसं विचारलं, फाईल तीन कशा. तो म्हणाला, कॅमेराच तसे तुकडे करतो, फार लांब झालं की आपोआप दुसरी फाईल सुरू करतो. म्हणजे कापायचं काम कॅमेरा करतो, तू नाही, असं ताई म्हणाली. मग तिनं कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण दाखव म्हटलं. त्यावर तो जे म्हणाला त्यानं आगीत तेल ओतलं. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यानं मंगळवारी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं आणि पुसून टाकलं होतं. मुलीच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या, त्या टिपायच्या होत्या.

"बाबा पुसून शर्यती टिपल्यास?" ताई म्हणाली.

"पुसले कुठे, ताई? सगळं तुझ्याकडे दिलंय ना. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं एकतीस मिनिटं होतं. माझ्याकडे सव्वीस आलंय. मधली पाच मिनिटं बारा सेकंद कुठे आहेत?"

त्यानं असं कसं होईल, पुन्हा बघ, संगणकाचं काहीतरी असेल, असं दोन-तीनदा म्हटलं. ताईनं चौतीस वर्षं जे गिळलं होतं ते मग एका वाक्यात बाहेर आलं.

"त्यात माझं नाव होतं म्हणून तू ते कापलंस. माझी जागा घेतलीस तेवढ्यानं तुझं भागलं नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता दुकानाचा आवाज येत राहिला. मग फोन भावजयीनं घेतला. ती म्हणाली, ताई, तुम्ही असं काय बोललात, हे बघा गिऱ्हाइकं सोडून आत जाऊन बसलेत. ताई म्हणाली, खरं झोंबतंच, आणि फोन ठेवला. धाकट्याचं ते गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असा तिनं निकाल देऊन टाकला.

निकाल दिला खरा, पण तपासनिसाला कागदावर पुरावा लागतो. दुपारी ती पुन्हा बसली. आणि इथे तिच्या कामाला आला तो बाबांचाच धंदा. उभ्या घड्याळाचा लंबक सेकंदाला एक ठोका देतो. फिल्ममध्ये बाबांच्या आवाजामागे तो ठोका सतत ऐकू येत होता. बोलणं कुणी कितीही सफाईनं कापून जोडेल, पण ठोक्याशी जोड जुळवणं घड्याळजीच्या बापालाही जमणार नाही. जिथे जिथे कापलंय तिथे तिथे ठोका चुकणार. लहानपणी बाबांनी तिला तासन्‌तास हेच शिकवलं होतं: डोळे मिटायचे, ओठ हलवायचे नाहीत, बोटानं टेबलावर ताल धरायचा आणि ठोका लंगडतोय का ते ऐकायचं.

ताईनं डोळे मिटले. पहिल्यापासून ऐकायला लागली. ठोका लंगडत नव्हता. पाच मिनिटं, दहा मिनिटं, एकसारखा. साडेबाराव्या मिनिटाच्या उचकीशी एखादा ठोका बुडाला, पण ताल न सोडता पुन्हा सरळ. शेवटच्या जोडाशी पुन्हा तसाच. बाकी सबंध फिल्मभर अखंड. ताईला हे आवडलं नाही. चोर सापडला आहे आणि मुद्देमाल मिळत नाही, अशी तिची गत झाली.

मग सवयीनं तिनं दुसरी गोष्ट केली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एका मिनिटात ठोके किती ते मोजले. बहात्तर आले. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. बहात्तरच. वेगळ्या ठिकाणी मोजले, शेवटाकडे मोजले. प्रत्येक मिनिटाला बहात्तर.

ती खुर्चीत मागे टेकली. बाबांच्या दुकानात, बाबांच्या खांद्यामागे, मिनिटाला बहात्तर ठोके देणारं सेकंदाचं घड्याळ असू शकत नाही. तासाला बारा मिनिटं पुढे जाणारं घड्याळ बाबांनी रात्रभरसुद्धा तसं राहू दिलं नसतं. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. मग उरलं काय? तिनं वहीतल्या रेषांच्या यादीखाली आकडे मांडले. सव्वीस मिनिटं, मिनिटाला बहात्तर ठोके. अठराशे बहात्तर ठोके. ठोक्याला एक सेकंद. साठनं भागलं आणि उत्तर आलं एकतीस मिनिटं, बारा सेकंद.

सेकंदालासुद्धा फरक नाही. काहीही कापलेलं नव्हतं. सगळं तिथेच होतं, फक्त पळत होतं.

मग तिनं कन्व्हर्टर उघडला आणि मघाशी न वाचलेल्या चौकटी एकेक करून वाचल्या. इकडचे कॅमेरे चालतात पॅल पद्धतीवर, सेकंदाला पंचवीस चित्रं. मावसभावाच्या देशात सेकंदाला तीस. त्याचं सॉफ्टवेअर तीसशिवाय दुसरा आकडा जाणत नव्हतं, आणि कन्व्हर्टरनं पंचवीसच्या हिशोबानं काढलेली चित्रं तीसच्या हिशोबानं पळवली होती, आवाजासकट. म्हणून बाबांना घाई. म्हणून तो चिरका गळा. ते कंगव्याचे दातही तसेच. कॅमेरा एक चित्र दोन फेऱ्यांत विणतो, आधी एकाआड एक ओळी आणि मग मधल्या, आणि त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये हात हलला की कडा दातरते. जोड नव्हताच तो, वीण होती. चौतीस वर्षं वीण बघितलेल्या बाईला ती ओळखता आली नाही, याची ताईला मनापासून लाज वाटली.

तिनं चौकटी बदलल्या. तिन्ही फाईली आधी सलग जोडायला सांगितल्या, वेळ मूळचीच ठेवायला सांगितली, कमी पडतील ती चित्रं दोनदा दाखवायला सांगितली. पुन्हा दोन तास घरघर. संध्याकाळी कोपऱ्यात आकडा उमटला, एकतीस बारा. बाबांचा हात मधूनच किंचित अडखळत सरकत होता, पण आवाज त्यांचा होता. जाडसर, सावकाश. एक वाक्य, मग चष्मा पुसणं, मग दुसरं वाक्य. ताईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसली.

बाबा उभ्या घड्याळाकडे वळले. "आणि हे. हे एकदा पार बंद पडलं होतं, तेल जास्त होऊन. म्हणून सांगतो, तेल थोडंच घालायचं."

उचकीत हरवलं होतं ते एवढंच. तेल जास्त होऊन.

ती शेवटपर्यंत थांबली. बाबा कमानींबद्दल बोलले, एका गिऱ्हाइकानं घड्याळ पाण्याच्या पिंपात पाडलं होतं त्याबद्दल बोलले, चांगला चिमटा कसा ओळखावा ते बोलले. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, आता हा बघेल सगळं. हा म्हणजे कॅमेऱ्यामागचा धाकटा. मग फिल्म संपली. एकतीस मिनिटं बारा सेकंदांत ताईचं नाव एकदाही आलं नाही. खिडकीशी एक टेबल होतं आणि त्यावर कुणी दहा वर्षं काम करत होतं, हेसुद्धा आलं नाही.

ताईनं फोन हातात घेतला आणि परत ठेवला. धाकट्याची माफी मागणं तिला जड नव्हतं. चूक सापडली की ती कबूल करायची, मग ती स्वतःची का असेना, हा तिचा बाणा होता. पण माफी मागायची म्हणजे काय म्हणायचं? तू काही कापलं नाहीस, म्हणजेच बाबा काही बोललेच नाहीत. दुपारपर्यंत तिच्याकडे निदान चोरीला गेलेली पाच मिनिटं होती. धाकटा चोर होता तोवर बाबांनी तिला काहीतरी ठेवलं होतं. आता चोर नव्हता आणि ठेवलेलंही काही नव्हतं. ती तिथेच बसून रडली, आणि रडून झाल्यावर तोंड धुऊन जेवलीही, कारण न जेवून कुणाचं भलं होणार होतं?

रविवारी सकाळी ती पुन्हा संगणकाशी बसली होती. फिल्म तर पुरी करायची होतीच. सुरुवातीला दुकानाचं नाव टाकत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली. धाकटा होता. दाढी केलेली नाही, डोळे सुजलेले. आत आला आणि न बसता टेबलाजवळ उभा राहिला. ताई म्हणाली, बस, मला तुला काही सांगायचंय. तो म्हणाला, आधी मला बोलू दे, नाहीतर जमायचं नाही.

"कापलं मी," तो म्हणाला. "तू म्हणालीस ते बरोबर होतं. तुझ्याबद्दल बोलले होते बाबा. मला बघवलं नाही. काढून टाकलं."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या पाठीमागे पडद्याच्या कोपऱ्यात एकतीस बारा हा आकडा स्पष्ट दिसत होता. धाकट्यानं मान वर केली असती तर त्याला वाचता आला असता. पण तो बुटांकडे बघत होता, शुक्रवारी बघत होता तसाच, आणि आता तिला त्या बघण्याचा अर्थ लागला. शुक्रवारीही त्याला माहीत होतं की तिचं नाव त्यात नाही. म्हणून चहा नको होता. ती बघेल आणि तिला कळेल, तेव्हा समोर असायला नको म्हणून तो पळाला होता. आणि काल फोनवर ते गप्प बसणं. एक रात्र विचार करून हा माणूस न केलेल्या चोरीची कबुली द्यायला आला होता.

तिनं हात मागे नेऊन पडदा बंद केला.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.

धाकट्याला हा प्रश्न येईल असं वाटलं नसावं. त्यानं घसा खाकरला. म्हणाले, उभं घड्याळ ताईनं चालू केलं. अकरा दिवस लागले. मी हात टेकले होते, तिनं टेकले नाहीत. एवढं त्यानं पाठ केल्यासारखं सांगितलं आणि थांबला. मग बोलता बोलता त्याचा आवाज बदलला.

"म्हणाले, बारीक कमान बसवताना ती श्वास धरून ठेवायची. कमान बसली की सोडायची. समोर वही असली तर तिचं पान हलायचं. कधी कधी दिवसात दोनदाच हलायचं."

बाबांचं टेबल भिंतीशी होतं. काम करताना त्यांची पाठ तिच्याकडे असायची आणि डोळ्याला भिंग लावलेलं असायचं. तिचा श्वास त्यांनी कधी बघितलाच नव्हता. तिच्या टेबलाच्या पलीकडे बसून शाळेचा अभ्यास कोण करायचं ते तिला माहीत होतं. ती वही कुणाची होती तेही माहीत होतं.

"आणि?" ती म्हणाली.

"म्हणाले, तिला उठवायला नको होतं." धाकट्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तेव्हाच बोलायला हवं होतं, म्हणाले. पण लहान... पण तेव्हा धीर झाला नाही."

"ते आता कुठेच मिळायचं नाही का?"

"नाही, ताई. पुसलं गेलं."

"असू दे," ताई म्हणाली, आणि दुसरी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. मी चहा टाकते. सगळं नीट सांग मला, काही गाळू नकोस."

तो बसला. धाकट्याला खोटं धड बोलता येत नसे, लहानपणापासून तिनं त्याची एकूण एक थाप पकडली होती. तो सांगत राहिला, अडखळत, मधूनच बाबा म्हणाले असं घालायचं विसरत, आणि ताई प्रत्येक वाक्याला मान हलवत ऐकत राहिली.